कापसाच्या डोंगरावरचा मुलूख

कापसाने भरलेल्या खोलीत आवाज वेगळा लागतो. तो भिंतीवर आपटून परत येत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडापाशीच मऊ होऊन बसतो. मोठ्याने हाक मारली तरी कानाशी कुजबुजल्यासारखी वाटते. आमच्या घरात ओसरीच्या उजव्या हाताला अशी एक लांबोडकी खोली होती. पावसाळाभर तिच्यात नांगर, जू आणि दोरखंड पडलेले असत. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस यायला लागला की ती रिकामी करून शेणाने सारवत. मग गाठोड्यांमागून गाठोडी तिच्यात रिती होत आणि बघता बघता कापूस आढ्याच्या जवळ पोचायचा. भाव येईपर्यंत तो तिथेच राहायचा. अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या, त्यामुळे घरात शिरणारा प्रत्येक माणूस आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. कापसाच्या खोलीत मात्र तो ठसका पोचत नसे. तिथे सरकीचा तेलकट, उबदार वास असायचा. अजूनही नव्या उशीला नाक लावलं की मी त्या खोलीत जाऊन पोचते.

खोलीत जास्त कापूस मावावा म्हणून तो खुंदावा लागे, म्हणजे पायांनी तुडवून दाबावा लागे. हे काम आम्हा पोरांचं होतं. मोठी माणसं गुडघ्यापर्यंत रुतायची, आम्ही हलके, आम्ही वर नाचायचो. आम्ही म्हणजे चौघं. मी सुशीला, सगळ्यांची सुशी. माझ्या मोठ्या काकांची मुलगी जना, वयाने आम्हा सगळ्यांत मोठी, म्हणून जनाक्का. तिचा धाकटा भाऊ दगडू, म्हणजे दगू. आणि शेजारच्या गुजरांच्या घरातला मगन, त्यांच्याकडे केळीचे बाग होते, कापूस थोडा, म्हणून तो नाचायला आमच्याकडे यायचा. काकांना सगळं घर आबा म्हणे आणि काकूला आम्ही मोठीमाय. माझे वडील शाळेत गुरुजी होते, त्यामुळे घरात पुस्तक दिसलं की ते माझंच, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

जनाक्का गेली त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला आलेल्या बायका तिच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांबद्दल बोलल्या, तिने किती माणसांचं केलं त्याबद्दल बोलल्या. सगळं खरं होतं. मुलखाबद्दल मात्र कोणी बोललं नाही. तो माहीत असलेली आता मी आणि दगू अशी दोनच माणसं उरली आहेत, आणि दगूला ऐकू कमी येतं. म्हणून हे सावकाश लिहून ठेवते आहे.

मुलूख हा आमचा खेळ होता. कापूस खुंदता खुंदता कधीतरी जनाक्काने सांगितलं की आपण उभे आहोत तो डोंगर आहे, आढ्याजवळचा झरोका म्हणजे खिंड आहे आणि खाली दारापाशी जिथे कापूस ओघळलाय तिथे एक काळी नदी आहे. झालं, मुलूख सुरू झाला. दगू त्यात सेनापती होता, सैन्य नसलेला. मगन घोड्यांचा व्यापारी. मी वैद्यीण, कमरेला बाभळीच्या शेंगांची पुरचुंडी. जनाक्का कोणीच नव्हती. ती मुलूखवाली होती. समोर काय दिसतं, कोण येतं, काय विचारतं ते ती सांगायची. आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि ते साधेल की फसेल ते कवड्या ठरवायच्या. पितळी ताटात मूठभर कवड्या टाकायच्या. जास्त उताण्या पडल्या तर साधलं, पालथ्या पडल्या तर फसलं, आणि सगळ्याच पालथ्या पडल्या तर जनाक्का डोळे बारीक करून आधी नुसतीच हसायची. ते हसू दिसलं की आम्ही कापसात मागे सरकायचो.

तिचा आवाज जरा घोगरा होता. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. घरात खाणारी तोंडं बरीच आणि करणारे हात कमी, एवढंच कारण. तिला अक्षरं येत होती, पण जोडाक्षराशी पोचली की ती थांबायची, आणि थांबलेलं कोणाला दिसू नये म्हणून पुस्तक मिटून ठेवायची. कापसावर मात्र ती कुठेच थांबत नसे. दुपारची झाकपाक झाली, धुणं वाळत पडलं, की लुगड्याचा काष्टा मारून वर यायची आणि काल जिथे सोडलं होतं तिथून पुढे.

भांडण झालं ते काळ्या नदीवरून. एकदा तिने त्या नदीला तळच नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे मगनचे तीन घोडे गेले होते. पुढच्या आठवड्यात दगूचा हत्ती त्याच नदीतून चालत पलीकडे गेला. मगनने कवड्या खाली टाकल्या. त्याचे घोडे बुडतात आणि घरच्या सेनापतीचा हत्ती चालतो, ही कोणती रीत, असं त्याचं म्हणणं. दगूने बहिणीची बाजू घ्यावी, तर तोच उलटला. त्याला एकदम न्याय सुचला.

"हाई असं नही चालाव," तो म्हणाला. "तू आज एक सांगस, उद्या दुसरं. मुलूखनं एक पुस्तक पाहिजे. पुस्तकमा शे का, ते पाहानं. नही ते नही."

"आनि पुस्तक वाची कोन?" जनाक्काने विचारलं.

"सुशी. सुशी वाची आनि सुशीच सांगी."

हे तो सहज बोलून गेला. पण जनाक्काने माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटातल्या कवड्या एकेक उचलून पदराच्या टोकाला बांधल्या. "बरं शे," एवढंच म्हणाली आणि उतरून गेली. चार दिवस ती वर आली नाही. आम्ही तिघं कापूस खुंदत राहिलो, आणि तो नुसता कापूस होता.

त्या वर्षी खोली भरूनही कापूस उरला नाही, सगळा मावला. आबा खूश झाले आणि म्हणाले की यात्रेत पोरांना काय हवं ते एक घेऊन देईन, पण चौघांत मिळून एकच. दगूने लगेच पुस्तक मागितलं. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा म्हणजे आमचं काशी आणि मुंबई सगळं एकाच ठिकाणी. गाडीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि भरीत बांधून घेतलेलं असायचं, तापीच्या वाळूत बसून ते खायचं आणि मग घोडे बघत फिरायचं. मगनला घोड्यांच्या बाजारातून ओढून आणावं लागलं. गोडशेवेच्या दुकानापलीकडे बांगड्यांचा पाल होता आणि त्याला लागून काळ्या टोपीतला एक म्हातारा ताडपत्रीवर पुस्तकं मांडून बसला होता. आबांनी आम्हाला तिथे सोडलं आणि ते बैलांचे भाव ऐकायला गेले. जनाक्का पुस्तकांकडे आलीच नाही. पाठ फिरवून बांगड्या बघत उभी राहिली. मी हाक मारली तर वळून न बघता म्हणाली, "तुम्हीच निवडा. आते मन्हं काय काम शे."

दगूने आधी कुस्तीच्या डावांचं पुस्तक उचललं. मगनने जादूचे प्रयोग. मी दोन्ही खाली ठेवायला लावली, कारण त्यात माणसं होती पण मुलूख नव्हता. आणि मग मला ते दिसलं. जाडजूड, रंगीत पुठ्ठ्याचं, वर राक्षस, किल्ला आणि पंखांचा घोडा. आत तीनशे पानं गोष्ट. मला ते इतकं हवंसं वाटलं की मी ते छातीशीच धरलं. ते घेतलं असतं तर मी मुलूखवाली झाले असते आणि कोणाला हरकत घेता आली नसती. मी तिथेच उकिडवी बसून पहिलं पान मोठ्याने वाचलं. मगन पंखांच्या घोड्यावर भाळला. दगू मात्र सेनापती होता, त्याला निकालाची घाई.

"आनि शेवटले काय व्हस?" त्याने म्हाताऱ्याला विचारलं.

"शेवटी काय व्हायचं?" म्हातारा तंबाखू मळत म्हणाला. "राजपुत्र राक्षसाला मारतो, लगीन लावतो, राज्य करतो. अजून काय पाहिजे तुला?"

दगूचं तोंड उतरलं. राक्षस मरणार हे पुस्तकानेच ठरवून टाकलं होतं. मग कवड्या टाकायच्या कशासाठी? मीही पान धरून तशीच बसून राहिले. राजपुत्र डावीकडे गेला आहे असं छापलेलं असताना मगनला उजवीकडे जायचं असलं तर त्याला मी काय सांगणार होते?

परवा माझा नातू पुण्याहून आला होता. तो आणि त्याचे मित्र टेबलाभोवती बसून फाशांचा एक खेळ खेळतात. एकजण सांगतो, बाकीचे सोंगं घेतात. त्या खेळासाठी बनावट मुलखांची जाड जाड पुस्तकं मिळतात, नकाशे, शहरं, प्राणी, सगळं त्यात असतं. दोन पुस्तकांत कोणतं घ्यावं हे त्याला ठरवता येत नव्हतं आणि त्याने नुसतं गंमत म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, ज्यात सगळं आहे पण अजून काहीच घडलेलं नाही, ते घे. आजीला यातलं काय कळतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी चहा टाकायला उठले.

तर त्या ताडपत्रीच्या कडेला, दगड ठेवून दाबलेल्या जुन्या पुस्तकांत एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक होतं. सुरुवातीची पानं गेलेली. यात्रेकरूंसाठी कोणीतरी लिहिलेली माहिती होती ती, तीर्थं कुठे आहेत, वाट कशी, पाणी कुठे, उतरायला धर्मशाळा कुठे. मधे एक घडीचा नकाशा, घडीवर फाटलेला. मी कुठलंतरी पान उघडून वाचायला लागले. डोंगरातून उतरल्यावर नदीवर दोरांचा पूल आहे, एका वेळी एकानेच जावे, संध्याकाळनंतर जाऊ नये. एवढंच. पुढे लगेच दुसऱ्या गावाची वाट सुरू.

बांगड्यांच्या पालाकडून, पाठ तशीच ठेवून, जनाक्का म्हणाली, "मंग त्या पूलवर राखन कोन करस?"

मी पान उलटून पाहिलं, मागे पाहिलं. "ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"सांजखाल जावानं नही म्हंतस, काब्र नही?"

"का जाऊ नये, तेही नाही लिहिलेलं."

ती वळली. हातात भरलेल्या बांगड्या कासाराला परत करून ती आली आणि माझ्याशेजारी वाळूत बसली. "नकाशा दखाड," म्हणाली. मी घडी उलगडली. तिने नदीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते सावकाश वर सरकवत नेलं. आम्ही तिघंही त्या बोटाकडे बघत होतो. मी ते जाड पुस्तक म्हाताऱ्याच्या बाजूला सरकवून दिलं. कोणीच हरकत घेतली नाही.

घरी आल्यावर मात्र जे झालं ते आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पोरांनी यात्रेतून खेळणं नाही, तीर्थांचं पुस्तक आणलं, हे ऐकून मोठीमायच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं, त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवून दिलं. दगूने धीर करून सांगितलं की आम्हाला ते कापसाच्या खोलीत लागणार आहे.

"देवनं पुस्तक कापूसमा पायखाले तुडावशात का?" मोठीमाय म्हणाली. "आंघोळ कर्याबिगर हात लावाना नही त्याले. आनि सुशी, तू रोज दिवा लाया म्हनजे आम्हले वाची दखाडशी."

ओट्यावर आम्ही चौघं ओळीने बसलो. मगन म्हणाला, जादूचं घेतलं असतं तर निदान ते देवात गेलं नसतं. दगूने मोठा सुस्कारा सोडला. "आते ते आपलं नही ऱ्हायनं. देवनं व्हई गयं."

पण झालं ते बरंच झालं. दिवेलागणीला मोठीमाय, माझी आई आणि शेजारच्या दोघीतिघी चुलीच्या उजेडात जमायच्या. मी हातपाय धुऊन पाटावर बसायचे आणि एकेका तीर्थाची वाट वाचायचे. जनाक्का चुलीपुढे दादर ज्वारीच्या भाकरी थापायची. भाकरीच्या थापांमधूनच ती ऐकायची. तीर्थाचं नाव आलं की बायका हात जोडायच्या, आणि जनाक्काचे हात पिठात असल्यामुळे ती नुसती मान खाली घालायची. पण मी तिला ओळखत होते. ती नमस्कार करत नव्हती, पाठ करत होती. इथली माकडं यात्रेकरूंच्या हातातल्या वस्तू पळवतात. या घाटात धुकं दुपारपर्यंत हटत नाही. इथलं पाणी जड आहे. दुसऱ्या दिवशी कापसावर तिच्या तोंडून हे सगळं बाहेर पडायचं, आणि माकडांना एकच कान असलेला एक सरदार असायचा. धुक्यात शिरलं की माणूस आधी वाट विसरायचा, मग गाव, मग स्वतःचं नाव. पाणी एवढं जड होतं की घोड्याला पाजलं तर घोडा जागचा हलत नसे. मगन बिचारा घोड्यांना तहानलेलंच ठेवायचा.

दगूचा न्याय सुटला नव्हता. मधेच हात वर करून तो मला विचारायचा, "पुस्तकमा शे का?" माझ्याकडे आता तेवढंच काम उरलं होतं आणि ते मी फार गंभीरपणे करायचे. माकडं आहेत, मी सांगायचे. सरदाराबद्दल लिहिलेलं नाही, पण सरदार नाही असंही कुठे लिहिलेलं नाही. दगू थोडा विचार करायचा आणि मान्य करायचा. मुलखाचा तोच कायदा झाला.

त्या कायद्याचा फटका मोठीमायला बसला. जनाक्का घरातही आपल्याच तंद्रीत बोलायची, त्यामुळे पुस्तकातलं कोणतं आणि मुलखातलं कोणतं याची सरमिसळ होऊन गेली. एककानी सरदाराची हकीकत मोठीमायने आमच्या कोरीटच्या आत्याला मोठ्या भक्तीने सांगितली. आत्या पुढे खरोखरच यात्रेला जाऊन आली. परत आल्यावर ती सांगायला लागली की माकडं भरपूर होती, पण एका कानाचं काही दिसलं नाही, आमचं नशीब कमी. आम्ही चौघं तोंडात पदर आणि बाह्या कोंबून परसात पळालो.

माघ लागला आणि दोन गोष्टी जवळजवळ एकदमच झाल्या. म्हसावदच्या एका घराशी जनाक्काची सुपारी फुटली. आणि कापसाला भाव आला. आबांनी जेवताना सांगितलं की सकाळी गाड्या लागतील, सरकी काढायला जिनात माल जायचाय. खोली रिकामी होणार. पुढच्या वेचणीला जनाक्का आमच्यात नसणार होती. मोठीमायने तिच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं. दगू म्हणाला की सकाळी लवकर उठून मुलूख संपवून टाकू.

संपवण्यासारखंच ठिकाण आलं होतं. आदल्या सांजेला मी पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं होतं. बर्फाच्या डोंगराखालचं एक देऊळ आणि त्याखाली ओळ, येथून पुढे मार्ग नाही, यात्रेकरूंनी येथून परतावे. बायकांनी हात जोडले होते आणि मोठीमायने नारळ फोडून पुस्तक पुन्हा फडक्यात बांधलं होतं.

सकाळी आम्ही वर चढलो तेव्हा अंगणात बैल सोडलेले होते. सालदार गडी आणि भरायला आलेली माणसं पाट्या घेऊन दारात उभी होती. झरोक्यातून सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. जनाक्काने ताट मांडलं. दगूच्या सेनापतीने देवळाला हात लावला, मगनने उरलेले दोन घोडे बांधले, मी सगळ्यांच्या पायांना लेप लावला. मग दगू म्हणाला की झालं, पुढे मार्ग नाही, सुशीने वाचलंय. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण ते खरं होतं. तशी ओळ होती.

जनाक्काने ताट जवळ ओढलं. कवड्या मुठीत खुळखुळवत राहिली. खालून आबांनी हाक दिली, उतरा आता, माणसं खोळंबली आहेत.

"पुस्तक सरनं," ती म्हणाली. "मुलूख काब्र सरी?"

"वाट नही शे तठे," दगू म्हणाला.

"वाट नही शे, असं पुस्तक म्हनस. ज्यानी लिखं तो तठून परत उना, त्याले काय माहीत?" तिने कवड्या ताटात टाकल्या. ताटाचा आवाज त्या खोलीत सहसा होत नाही एवढा खणखणीत झाला. बहुतेक उताण्या पडल्या होत्या. "देऊळना मांगे जा. बर्फ शे, पन पातळ शे. खाले कोनी तरी चाली ऱ्हायनं, ऐका."

आम्ही ऐकलं. दारातली माणसंसुद्धा पाट्या टेकवून ऐकायला लागली, ते मला नंतर कळलं. बर्फाखाली एक नगर होतं. तिथे दिवस आमच्यापेक्षा लांब होता आणि माणसं वयाने लहान होत जात. मगनचे काळ्या नदीत बुडालेले तीन घोडे तिथे हिंडत होते. मी वाचलेलं यातलं काहीच नव्हतं. इतके दिवस तिच्या प्रत्येक वाक्यामागचं पान मला दिसायचं. आता माझ्याजवळ पान नव्हतं, पुढे काय होणार ते मला माहीत नव्हतं, आणि मी कापसात गुडघे रुतवून लहान पोरासारखी तिच्या तोंडाकडे बघत होते. दगूने एकदाही विचारलं नाही की हे पुस्तकात आहे का.

आबा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं आणि उंबऱ्यावर बसले. भरणाऱ्यांपैकी एकजण पाटी घेऊन पुढे झाला तर त्यांनी हाताने त्याला अडवलं आणि खोलीच्या लांबच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"पहिले तिकडला भरा," आबा म्हणाले. "हाऊ डोंगर मांगून."